बक्षिसाबाहेरची पानं

कॉलेजच्या वार्षिक अंकाचं काम छापखान्यात आलं की सगळ्यात आधी संपायचा तो 'ज्ञ'. त्याच्या मागोमाग 'क्ष'. वडूजसारख्या तालुक्याच्या गावात एका छापखान्याकडं या अक्षरांचे शिशाचे खिळे असून असून किती असणार? लग्नपत्रिकेला 'अक्षता'पुरता एखादा 'क्ष' पुरतो, सोसायटीच्या नोटिशीला तोही लागत नाही. पण विद्यार्थ्याचा निबंध आला की विज्ञान, अज्ञान, प्रज्ञा, कृतज्ञता, ज्ञानदीप, क्षितिज अशी रांगच लागायची. मग अर्ध्या पानावर थांबायचं, आधी छापून झालेला फर्मा सोडायचा, त्यातले 'ज्ञ' वेचून परत केसच्या घरात टाकायचे आणि पुढची ओळ जुळवायला घ्यायची. त्याच अंकाच्या शेवटी बारीक टायपातले विभागांचे अहवाल असत. राष्ट्रीय सेवा योजनेचं शिबिर कुठल्या गावात झालं, किती मीटर चर खणला, किती खड्डे घेतले, त्यातली किती रोपं उन्हाळा काढून जगली. तिथं 'ज्ञ' पडून राहायचे आणि आकड्यांची घरं रिकामी व्हायची.

मी जुळारी. खिळे उलटे वाचायची सवय अशी लागली की सुलटं वाचताना अजून थोडा वेळ लागतो. छापखाना पुढं माझ्याकडंच आला, पण स्वतःला मालक म्हणवून घेणं कधी जमलं नाही. अंक छापता छापता एक गोष्ट ध्यानात आली. विद्यापीठाच्या स्पर्धेत बक्षीस मिळायचं ते 'ज्ञ' संपवणाऱ्या पानांना, आणि पुढं बऱ्याच वर्षांनी कुणी जुना अंक शोधत छापखान्यात यायचं ते आकडे संपवणाऱ्या पानांसाठी. लिहिणाऱ्या पोरांना बक्षीस द्यायची रीत आपल्याकडं कशी पडली म्हणून मागं मागं वाचत गेलो, तर ही भानगड पावणेदोनशे वर्षांची निघाली, आणि तिचा एक धागा थेट आमच्या, म्हणजे वडूजच्या, खटाव तालुक्यात येऊन पोचला.

पेशवे दरवर्षी विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटत. राज्य गेलं तरी इंग्रजांनी दक्षिणेचा हा रमणा थोडाफार चालू ठेवला होता. १८४९ साली लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख आणि त्यांच्या बरोबरच्या सुधारक मंडळींनी सरकारकडं अर्ज केला, की या पैशातला काही भाग मराठी पुस्तकं लिहिणाऱ्यांना बक्षिसं द्यायला वापरावा. पुण्यात त्यावरून रान पेटलं. पण अर्ज मान्य झाला आणि दक्षिणा प्राइझ कमिटी उभी राहिली. मराठीत लिहिलेल्या मजकुराला सरकारी बक्षीस मिळू लागलं ते तिथून.

आता आमचा धागा. १८५५ साली एका तरुणानं आपलं नाटक या कमिटीपुढं ठेवलं. नाटकाचं नाव 'तृतीय रत्न', लिहिणारे जोतीराव फुले, वय अठ्ठावीसच्या आसपास. कमिटीनं नाटक नाकारलं. भट सभासदांच्या आग्रहापुढं युरोपियन सभासदांचं काही चाललं नाही, असं फुल्यांनी पुढं 'गुलामगिरी'त स्वतःच नमूद करून ठेवलं आहे. फुल्यांचं मूळ गाव कटगुण, आमच्याच खटाव तालुक्यातलं. मराठी लेखनाचं सरकारी बक्षीस आमच्या मातीतल्या घराण्याला नाकारलं गेलं, असं मी गावात सांगतो तेव्हा जुनी मंडळी मान डोलावतात. कॉलेजची पोरं मात्र विचारतात, "तात्या, मग बक्षीस कुणाला मिळालं?" मी म्हणतो, ते शोधायलाच तुला शाळेत घातलंय.

त्याच साली, म्हणजे १८५५ मध्येच, दुसरी एक गोष्ट घडली. फुल्यांच्या शाळेत शिकणारी मुक्ता साळवे ही चौदाएक वर्षांची मातंग मुलगी. तिनं मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदय' या नियतकालिकाच्या १५ फेब्रुवारी आणि १ मार्च अशा दोन अंकांत छापून आला. त्याला निबंध म्हणतात खरं, पण छापखान्यातल्या माणसाच्या नजरेनं बघितलं तर ती बातमी आहे. कुणावर काय गुदरलं, कुणी केलं, कुठल्या अमलात केलं, हे पोर एकेक करून मांडते. पोथीतलं नव्हे, आपल्या वस्तीतलं लिहिते. त्या मजकुराला कसलं बक्षीस नव्हतं. विद्यार्थ्यानं वर्तमानपत्रात लिहिलेलं पहिलं मोलाचं मराठी लेखन कोणतं असं मला विचाराल तर मी याच्यावर बोट ठेवीन, आणि पत्रकारांच्या कार्यक्रमात हे नाव ऐकू येत नाही याची चीडही मला येते.

त्या कार्यक्रमांचं नाव निघालंच तर बाळशास्त्री जांभेकरांचं सांगायला हवं. ६ जानेवारी १८३२ ला त्यांचं 'दर्पण' हे वर्तमानपत्र निघालं तेव्हा बाळशास्त्री विशीत होते, म्हणजे आजच्या हिशेबानं कॉलेजचं पोरच. म्हणून ६ जानेवारीला पत्रकार दिन. त्यांचं गाव पोंभुर्ले कोकणात, पण तिथलं स्मारक उभं राहिलं ते आमच्या सातारा जिल्ह्यातल्या फलटणच्या महाराष्ट्र पत्रकार कल्याण निधीच्या खटपटीतून. बाळशास्त्री पुढं मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजमध्ये शिकवत. ते १८४६ साली गेले. दोनच वर्षांनी, १८४८ ला, एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी आपली सभा काढली, तिची ज्ञानप्रसारक नावाची मराठी शाखा झाली, आणि सभेत वाचलेले निबंध १८५० पासून 'मराठी ज्ञानप्रसारक' या मासिकात छापले जाऊ लागले. कॉलेजच्या अंकाचा मूळ पुरुष हाच. वाचायचं सभेत, छापायचं मासिकात. टाळी आधी, छपाई नंतर. हा क्रम आपल्याकडं असा पक्का बसला की कॉलेजचा अंक वाचताना अजूनही समोर माईक असल्याचा भास होतो.

बक्षिसावर जगलेला विद्यार्थी पत्रकार बघायचा तर कराडजवळच्या टेंभूचा. आमच्या पोरांना टेंभू म्हटलं की उपसा सिंचन योजना आठवते, कृष्णेचं पाणी वर दुष्काळी पट्ट्यात चढवणारी. पण त्या गावात १८५६ साली गोपाळ गणेश आगरकर जन्मले. घरची गरिबी एवढी की शिक्षणासाठी कराड, रत्नागिरी, अकोला अशी वणवण झाली. डेक्कन कॉलेजात गेल्यावर वर्तमानपत्रांत लेख लिहायचे, वक्तृत्वाच्या स्पर्धेत बक्षीस मारायचं, शिष्यवृत्ती मिळवायची आणि फी भरायची. त्यांच्यासाठी बक्षीस म्हणजे कपाटातला करंडक नव्हता, खानावळीचं बिल होतं. ४ जानेवारी १८८१ ला 'केसरी' निघाला त्याचे पहिले संपादक आगरकर. पुढच्याच वर्षी कोल्हापूर प्रकरणातल्या अब्रुनुकसानीच्या खटल्यात टिळकांबरोबर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. ज्या पोरानं पोटासाठी लेख लिहिले त्याचं वाक्य पुढं इतकं धारदार झालं, यात मला काही योगायोग वाटत नाही. उधारी डोक्यावर असली की माणूस विशेषणं कमी वापरतो.

पण आपल्या भागातली बक्षिसं पुढंही बोलण्याकडंच झुकलेली राहिली. यशवंतराव चव्हाण कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये असताना पुण्याच्या वक्तृत्व स्पर्धेत गेले आणि दीडशे रुपयांचं बक्षीस घेऊन आले, ही गोष्ट त्यांनी 'कृष्णाकाठ'मध्ये सांगितली आहे. त्या काळात दीडशे म्हणजे केवढे! शाळाशाळांतून मग वक्तृत्वाच्या ढाली झळकल्या. लिहिणाऱ्याला ढाल देणारं कुणी नव्हतं.

लिहिणाऱ्यांची सोय दुसरीकडंच झाली. आमच्या शेजारचं औंध हे संस्थान आणि वडूज खालसात, म्हणजे इंग्रजी अमलात. मधे काही कोसांचं अंतर, पण राज्य वेगळं. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी हौशी, चित्रकार, सूर्यनमस्काराचे वेडे. त्यांच्या आश्रयानं पंडित सातवळेकर १९१८ साली औंधात आले. त्यांच्या स्वाध्याय मंडळानं तिथं छापखाना घातला, वेदांचे ग्रंथ आणि मासिकं काढली. आमच्या तालुक्यात चांगली छपाई म्हणजे काय ते लोकांनी पहिल्यांदा बघितलं ते औंधात. तिकडं दक्षिणेला कुंडल रोड स्टेशनजवळची माळरानाची जागा याच राजांनी लक्ष्मणराव किर्लोस्करांना दिली आणि १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. नांगर बनवणाऱ्या त्या कारखान्यातून १९२० ला 'किर्लोस्कर खबर' निघालं. आधी कारखान्याच्या मालाची माहिती देणारं, मग शंकरराव किर्लोस्करांच्या हाती सगळ्या महाराष्ट्राचं 'किर्लोस्कर' मासिक झालेलं. १९३० ला 'स्त्री', १९३४ ला 'मनोहर'. कुसळं उगवणाऱ्या माळावरून ही मासिकं रेल्वेनं पुण्या-मुंबईला जायची. मासिक काढायला पुण्यातच राहावं लागतं असं कुणी म्हणालं की मी किर्लोस्करवाडीचं तिकीट दाखवतो.

औंध संस्थानच्या शाळेत शिकलेली पोरं कोण, तर ग. दि. माडगूळकर आणि आटपाडीचे शंकरराव खरात. खरात पुढं बाबासाहेबांच्या चळवळीतल्या 'प्रबुद्ध भारत'चे संपादक झाले. माणदेशात आणि खटावात पाऊस कमी, पण लिहिणाऱ्यांचं पीक बरं आलं. आणि हे सगळं बघितलेलं लिहिणारे. विहिरीला पाणी किती हात खाली गेलंय ते ज्याला ठाऊक, तो आकाशाचं वर्णन करत बसत नाही.

१९४२ साल वडूजला कुणी विसरू शकत नाही. ९ सप्टेंबरला मामलेदार कचेरीवर मोर्चा आला. आदल्या आठवड्यात तासगावला कचेरीवर तिरंगा लागला होता, तसंच इथं होईल असं लोकांना वाटत होतं. इथं गोळीबार झाला. वडगावचे परशुराम घार्गे यांच्यासह नऊ जण पडले. दुसऱ्या दिवशी इस्लामपूरला असाच मोर्चा निघाला आणि तिथंही गोळी चालली. वर्तमानपत्रांवर सेन्सॉर, गांधींचं 'हरिजन' बंद झालेलं. बातमी गावोगाव गेली ती तोंडी आणि लपूनछपून वाटलेल्या पत्रकांतून. त्या पत्रकांवर लिहिणाऱ्याचं नाव नसे, ते असणं म्हणजे अटकच.

या प्रसंगावर मी किती निबंध जुळवले असतील! दर सप्टेंबरला स्पर्धा, दर अंकात पहिल्या नंबराचा निबंध. 'रक्ताचे पाट', 'स्वातंत्र्याची पहाट', 'भारतमातेचे सुपुत्र'. पोरांचा दोष नाही, मास्तरांनी तसंच शिकवलेलं. पण त्या निबंधांतून कचेरीचं दार कुठल्या बाजूला होतं, लोक कुठल्या गावाहून किती कोस चालत आले, बरोबर काय बांधून आणलं होतं, जखमींना कशातून नेलं, यातलं काही कळायचं नाही. आणि हे सांगणारी माणसं तेव्हा हयात होती, पारावर बसलेली. निबंध लिहिणारा पोरगा त्यांच्या समोरून जाऊन ग्रंथालयात बसायचा. हे मी एकदा एका सरांना बोलून दाखवलं. ते म्हणाले, "तात्या, परीक्षकाला ओज लागतं." मी ओज जुळवलं आणि बिल दिलं.

आता परीक्षकांकडं येतो. साताऱ्या-सांगलीची कॉलेजं आधी मुंबई विद्यापीठाला जोडलेली, १९४९ नंतर पुण्याला. डेक्कन एज्युकेशन सोसायटीनं १९१९ ला सांगलीत विलिंग्डन काढलं. पण खेड्यातल्या पोराला कॉलेज म्हणजे काय ते दिसलं कर्मवीर भाऊराव पाटलांमुळं. साताऱ्यात १९४७ ला शिवाजी कॉलेज, कराडला १९५४ ला गाडगे महाराज कॉलेज. कमवा आणि शिका. सकाळी शेतात राबणारं पोर दुपारी शेक्सपिअर ऐकायला बसलं. मग १८ नोव्हेंबर १९६२ ला कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ झालं, डॉ. आप्पासाहेब पवार पहिले कुलगुरू, आणि आमचा तालुका त्याच्या अखत्यारीत आला. विद्यापीठ कॉलेजांच्या वार्षिक नियतकालिकांची स्पर्धा घेतं. अंकाला बक्षीस, अंकातल्या निवडक लेखनालाही बक्षीस. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या 'राजारामियन'सारखी जुनी, दमदार परंपरेची नियतकालिकं एका बाजूला आणि चार-दोन वर्षांपूर्वी पत्र्याच्या शेडमध्ये सुरू झालेलं तालुक्याचं कॉलेज दुसऱ्या बाजूला, अशी ही कुस्ती. पण स्पर्धा होती म्हणूनच संस्थाचालक अंकाला पैसे मंजूर करत, हेही खरं. नाहीतर 'अंक कशाला, त्यात बाकडी होतील' म्हणणारे कमी नव्हते.

स्पर्धेचा अंक म्हटला की छापखान्याची दिवाळी आणि शिमगा एकदमच. मुखपृष्ठाचा ब्लॉक बाहेरून करून आणायचा. कागद नेहमीचा चालायचा नाही, मॅपलिथो हवा. संस्थापकांचा फोटो, अध्यक्षांचा फोटो, सचिवांचा फोटो, प्राचार्यांचं मनोगत, मग मराठी विभाग, हिंदी विभाग, इंग्रजी विभाग. इंग्रजी विभाग आला की आम्ही घाबरायचो, कारण मुद्रितं तपासणारं कुणी नसे. जुळारी स्पेलिंग लावायचा ते देवाच्या भरवशावर. कविता भरपूर, त्यातल्या निम्म्या आईवर. कवितेचं एक बरं, पान लवकर भरतं आणि टाइप कमी लागतो. हातानं जुळवणाऱ्या माणसाला कवी नेहमीच आवडतो.

आणि शेवटी अहवाल. १९७२ च्या दुष्काळानंतरचा एक अंक मी अजून जपून ठेवला आहे. त्यात एका विद्यार्थ्यानं सुट्टीत दुष्काळी कामावर खडी फोडायला गेल्याचं लिहिलंय. कामगिरीचा अहवाल म्हणून मागच्या पानांत, दोन कॉलमांत कोंबलेलं. नवख्या माणसाचा हातोडा कसा निसटतो, बोटांना चिंध्या कशा बांधतात, खडीचा ढीग मापायला चौकट ठेवली की मुकादम ती जरा वर कशी धरतो आणि मापात किती खडी जाते, संध्याकाळी हजेरीच्या कागदावर किती मांडलं जातं. पोरांना मिळणाऱ्या सुकडीचा वास, लाल मिलोची भाकरी तव्यावरून उचलताना कशी तुटते. कुठं हुंदका नाही. मापाचे आकडे आहेत, आणि ते दोन वेळा मोजलेले दिसतात. रोजगार हमीचं मोठं काम ज्यांच्या नावावर आहे ते वि. स. पागे तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे. योजनेचा पहिला प्रयोग साठच्या दशकात त्यांच्याच भागात झाला. त्या योजनेवर पुढं मोठमोठे ग्रंथ निघाले असतील, पण मुकादमाची चौकट किती बोटं वर धरली जायची हे सांगणारा मजकूर मी त्या दोन कॉलमांतच वाचला. त्या वर्षी त्या अंकातलं बक्षीस 'मानवता : एक चिंतन' अशा धर्तीच्या कुठल्याशा निबंधाला मिळालं.

तेव्हापासून डोक्यात घोळत होतं, ते छापखाना हाती आल्यावर करून टाकलं. आसपासच्या कॉलेजांच्या ज्या अंकांचं काम आमच्याकडं येईल, त्यातल्या एका वृत्तांताला आमच्यातर्फे ५१ रुपये आणि एक रीम कोरा कागद. समारंभ नाही, हार नाही. कागदाचीच ओढ जास्त होती, कारण रीम म्हणजे वर्षभराच्या वह्या. नियम चार. स्वतः जाऊन बघितलेलं असावं. निदान तीन माणसांशी बोललेलं असावं. आकडा असेल तर तो कुणी सांगितला ते लिहावं. आणि शेवटचा परिच्छेद आम्ही कापणार. या शेवटच्या नियमावर सर लोक नाराज झाले. पण आपल्याकडचा विद्यार्थी शेवटच्या परिच्छेदात हमखास समाजाला उपदेश करतो, आणि उपदेश जुळवायला मजुरी तेवढीच पडते.

पहिल्या खेपेला काहीच आलं नाही म्हटलं तरी चालेल. दुसऱ्या खेपेला एक पोरगा आला. बाप गलाईला. बाहेरच्या वाचकासाठी सांगतो, विटा, खानापूर, आटपाडी, खटाव, माण या पट्ट्यातली हजारो माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पसरलेली आहेत. तमिळनाडू म्हणू नका, केरळ म्हणू नका. जिथं सराफ बाजार तिथं आमचा गलाईवाला. दुष्काळानं गाव सोडायला लावलं आणि सोन्यानं परमुलखात जागा दिली. पोरगा म्हणाला, "तात्या, सुट्टीत बाबांकडं जाऊन आलोय. कुठनं सुरू करू?"

"कोण, कुठं, कवा, किती. एवढं लिही आन् घरी जा."

त्यानं लिहिलं ते असं. गल्लीच्या आत एक खोली, तिला एकच खिडकी, आणि ती शेजाऱ्यांच्या तक्रारीमुळं बंद ठेवावी लागते. शेगडीवर मूस. मुशीत जुनं सोनं उतरलं की रंगावरून बाबा ओळखतात, आत काय मिसळलंय. ॲसिड ओतलं की पिवळट धूर उठतो, तेव्हा तोंडाला ओला पंचा. सराफाच्या दुकानातला केर विकत घ्यायचा, जाळायचा, चाळायचा, आणि त्या राखेतून कण काढायचे. दुकान झाडणारा पोरगाही वजनात किती कचरा भरला ते बघत असतो. बाबांना तिथली भाषा भावापुरती येते. रात्री बाबा आणि दोघं कामगार त्याच खोलीत झोपतात, तिजोरीला डोकं लावून. गावाकडं घराला स्लॅब पडला तो याच खोलीतून, आणि बाबांनी स्लॅबखाली सलग महिनाभर काढलेला नाही. पोरानं शेवटी समाजाला उपदेश केला होताच. तो मी कापला. अहवालाच्या बारीक टायपातला मजकूर त्या वर्षी मुख्य टायपात घेतला, सरांनी आढेवेढे घेत परवानगी दिली. विद्यापीठात त्याला काही मिळालं नाही. पण तो अंक गलाईवाल्यांच्या घरोघर मागून नेला गेला, इतका, की कॉलेजला ऑफिसच्या फाइलला लावायला प्रत उरेना.

असं काही वर्षं चाललं. सगळ्याच साली चांगलं आलं नाही. एकदा एका मुलीनं येरळवाडीच्या तलावावर येणाऱ्या रोहित पक्ष्यांवर लिहिलं. पण पक्षी तिच्या गावी आजीपासून सगळे बघत आलेले, तरी आजीला विचारायचं सोडून पुस्तकातलंच उतरवलं. तिला कागद दिला, रुपये दिले नाहीत. ती भांडायला आली. भांडली छान. तेच लिहून आण म्हटलं तर परत आली नाही.

मग डीटीपी आलं. संगणकावर श्रीलिपी घातली की 'ज्ञ' कधी संपत नाही. टाइपच्या केसी मोडीत गेल्या, शिसं किलोवर विकलं. ऑफसेटवर अंक बाहेरगावी छापून येऊ लागले, रंगीत फोटो वाढले, आणि अहवालाची जागा फोटोंनी घेतली. वृक्षारोपणाचा फोटो असतो, एका रोपाला नऊ हात लागलेले. किती रोपं जगली ते फोटोत दिसत नाही. आता बऱ्याच कॉलेजांचा अंक मोबाइलवरच येतो. आमचं बक्षीसही त्याच सुमारास आपोआप मिटलं, कारण अंकच आमच्याकडं यायचा बंद झाला.

पण बक्षिसं संपली असं नाही. 'लोकसत्ता'नं कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठी 'ब्लॉग बेंचर्स' नावाची स्पर्धा सुरू केली. वर्तमानपत्रातला एखादा अग्रलेख द्यायचा, त्यावर विद्यार्थ्यांनी ठरलेल्या मुदतीत आपलं मत लिहायचं, पहिल्याला ७ हजार, दुसऱ्याला ५ हजार रुपये. रक्कम बघून आमच्या ५१ रुपयांना लाज वाटली असती. स्पर्धा मला आवडायची. मुदत पाळायची सवय लागायची, शब्द मोजावे लागायचे, आणि तालुक्याच्या कॉलेजातलं पोर मुंबईच्या पोराशी एकाच मैदानात उतरायचं. तरी जुनी खोड तिथंही डोकावायची. अग्रलेखावर मत लिहायचं म्हणजे बसल्या जागी लिहायचं. चप्पल घालून बाहेर पडायची अट त्यात नव्हती. वर्तमानपत्रवाल्यांनी एकदा तरी उलटं करून बघावं. अग्रलेख न देता एका गावाचं नाव द्यावं आणि म्हणावं, तिथल्या टँकरची नोंदवही बघून या.

अडचण मात्र बक्षिसाच्या पुढं आहे. लिहायला लागलेलं पोर तालुक्यात राहून वार्ताहर व्हायचं म्हणतं, तेव्हा त्याला कळतं की तालुका वार्ताहराला पगार नसतो. मानधन म्हणून जे मिळतं त्यात गाडीचं पेट्रोल सुटत नाही, आणि बातमीपेक्षा वाढदिवसाची जाहिरात किती आणली यावर किंमत ठरते. ज्याच्यावर लिहायचं त्याच्याकडंच जाहिरात मागायची. मग मुकादमाची चौकट किती बोटं वर धरली हे लिहिणार कोण? ज्या पोरांनी आमच्याकडून कागदाची रीम नेली त्यांतले दोघं शिक्षक झाले, एक बँकेत गेला, एक पोलीस भरतीत. वार्ताहर एकच झाला, त्यानंही पुढं शेतीऔषधांचं दुकान काढलं. बातम्या अजून देतो, दुकानातून.

आणि गलाईचं लिहिणारा बापाच्याच खोलीत गेला. आता खोलीला दुसरी खिडकी काढली आहे म्हणतो. दर दिवाळीला तो इथल्या एका साप्ताहिकाला आपल्या दुकानाची जाहिरात पाठवतो. बाकीच्यांच्या जाहिरातींत 'हार्दिक हार्दिक', 'मंगलमय', 'सुखसमृद्धी' असा मजकूर भरभरून असतो. याच्यात दुकानाचं नाव, पत्ता, फोन नंबर, उघडायची वेळ आणि घटीचा दर, बस्स. साप्ताहिकाच्या पोरानं मला विचारलं, "तात्या, जागा रिकामी राहतीय, शुभेच्छा टाकू का वरनं?" म्हटलं, त्याला फोन कर आधी. त्यानं फोन केला. पलीकडून उत्तर आलं, जागेचे पैसे मी दिलेत, रिकामी राहू दे.